बँकेच्या नावाने आलेला ईमेल खरा की खोटा, कसं तपासायचं?

ईमेलमध्ये कशाची नक्कल करता येते आणि कशाची नाही, हे एकदा नीट कळलं की तपासणी दोन मिनिटांत होते. बँकेचं बोधचिन्ह, रंग, तळाचा कायदेशीर मजकूर, ग्राहक सेवेचा क्रमांक, अधिकाऱ्याची सही हे सगळं एखाद्या खऱ्या ईमेलमधून जसंच्या तसं उचलता येतं. पाठवणाऱ्याचं नाव तर हवं ते लिहिता येतं. नक्कल होत नाही ती एका गोष्टीची: बँकेने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं तिच्या मालकीचं पत्त्याचं नाव. म्हणून ईमेल दिसतो कसा याकडे दुर्लक्ष करायचं आणि तो आपल्याला नेतो कुठे एवढंच बघायचं.

शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की ईमेल खोटा, हा जुना सल्ला आता विसरून जा. आज यंत्राकडून कुठल्याही भाषेत निर्दोष मजकूर लिहून मिळतो. चुका दिसल्या तर संशय जरूर घ्या, पण चुका नाहीत म्हणून विश्वास ठेवू नका.

पुढच्या उदाहरणांत 'माझीबँक' ही काल्पनिक बँक आहे आणि 'माझीबँक.कॉम' हे तिचं खरं डोमेन. प्रत्यक्षात हे पत्ते बहुतेक वेळा रोमन लिपीत दिसतील. वाचायची रीत तीच.

आधी एकदाच करून ठेवायची तयारी

ही तयारी कुठलाही ईमेल येण्याआधी, शांतपणे करायची. घाईत खरा पत्ता शोधायला गेलं की चूक होते.

१. पासबुक, कार्डाची मागची बाजू किंवा बँकेने दिलेलं छापील कागदपत्र समोर घ्या. त्यावरचा संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा आणि ब्राउझरमध्ये बुकमार्क करा. सर्च इंजिनमध्ये बँकेचं नाव टाकून पहिल्या दुव्यावर जाऊ नका. वरच्या जागा जाहिरातींच्या असतात आणि त्या फसवणूक करणाऱ्यांनीही विकत घेतल्याची उदाहरणं आहेत.

२. त्याच कागदावरचा ग्राहक सेवेचा आणि कार्ड ब्लॉक करण्याचा क्रमांक फोनमध्ये साठवा.

३. जमत असेल तर बँकेसाठी एक वेगळा ईमेल पत्ता उघडा आणि तो दुसरीकडे कुठेही देऊ नका. मग तुमच्या नेहमीच्या पत्त्यावर 'बँकेचा' ईमेल आला की तो उघडायच्या आधीच प्रश्न मिटतो, कारण बँकेकडे तो पत्ताच नाही. इतक्या कमी कष्टात एवढा फायदा देणारा दुसरा उपाय नाही.

४. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपोआप भरणारं ॲप, वापरा. तो पासवर्ड भरताना पानाचं रूप बघत नाही, डोमेन बघतो. एरवी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर हाताने टाइप करण्याआधी तिथेच थांबा. माणसाच्या डोळ्याला न दिसलेला एका अक्षराचा फरक त्याला दिसलेला असू शकतो.

पायरी १: नाव नव्हे, पत्ता बघा

प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याच्या दोन गोष्टी असतात: दर्शनी नाव आणि खरा पत्ता. दर्शनी नाव पाठवणारा स्वतः टाइप करतो, त्याची तपासणी कोणी करत नाही. 'माझीबँक सुरक्षा विभाग' असं नाव कोणत्याही मोफत ईमेल खात्याला देता येतं. मोबाइलवर घोळ होतो तो इथेच. छोट्या पडद्यावर बहुतेक ॲप फक्त नाव दाखवतात आणि पत्ता लपवतात.

फोनवर पाठवणाऱ्याच्या नावावर किंवा त्याखालच्या 'टू मी' या शब्दांवर टॅप केलं की पूर्ण पत्ता उघडतो. संगणकावर जीमेलमध्ये नावाखालच्या छोट्या बाणावर क्लिक करा. तिथे 'मेल्ड बाय' आणि 'साइन्ड बाय' अशा ओळी असतात आणि ईमेल कोणत्या डोमेनवरून निघाला हे त्यांतून कळतं. 'रिप्लाय टू' ही ओळ दिसली तर तीही वाचा. पाठवणारा बँक आणि उत्तर जाणार मात्र एखाद्या मोफत ईमेल पत्त्यावर, अशी जोडी दिसली की पुढे काही तपासायची गरज नाही.

पायरी २: डोमेन उजवीकडून वाचा

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे सावकाश जाऊ. आपण डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतो. डोमेनचा मालक मात्र उजवीकडून ठरतो.

ईमेल पत्त्यात ॲट या चिन्हाच्या उजवीकडचा भाग घ्या. संकेतस्थळाच्या पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे येणारी पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा. तिच्यानंतरचं सगळं तूर्त झाकून टाका. आता त्या रेघेपासून डावीकडे, टिंबाटिंबाने मागे या. शेवटचा तुकडा 'कॉम', 'नेट' असा असेल. त्याच्या लगेच डावीकडचा तुकडा म्हणजे मालकाचं नाव. काही देशांत शेवट 'को.इन' किंवा 'को.यूके' असा दोन तुकड्यांचा असतो. तिथे मालकाचं नाव तिसरं येतं.

ही रीत काही पत्त्यांवर लावून बघू.

'नेटबँकिंग.माझीबँक.कॉम' याचा मालक 'माझीबँक'. ठीक आहे. डावीकडे काहीही जोडलं तरी मालक बदलत नाही.

'माझीबँक.कॉम.खाते-पडताळणी.नेट' याचा मालक 'खाते-पडताळणी'. बँकेचं अख्खं डोमेन सुरुवातीला सजावटीसारखं लावलं आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लांब पत्ता कापला जातो, त्यामुळे हा प्रकार तिथे जास्त चालतो.

'माझीबँक-सुरक्षा.कॉम' याचा मालक 'माझीबँक-सुरक्षा'. मधली आडवी रेघ टिंबासारखी नाही. रेघेने जोडलेलं नाव पूर्णपणे स्वतंत्र असतं आणि कोणीही ते काही मिनिटांत नोंदवू शकतो.

'खाते-पडताळणी.नेट/माझीबँक.कॉम/लॉगिन' इथे बँकेचं नाव तिरप्या रेघेनंतर आलं आहे. ते निव्वळ त्या संकेतस्थळावरच्या एका कप्प्याचं नाव आहे.

पत्त्यात मध्येच ॲटचं चिन्ह आलं तर आणखी सावध व्हा. 'माझीबँक.कॉम' लिहून पुढे ॲट आणि त्यापुढे दुसरंच डोमेन असेल, तर ब्राउझर ॲटच्या आधीचा भाग वापरकर्त्याचं नाव समजतो आणि त्यानंतरच्या डोमेनवर जातो.

एवढं जमलं की अक्षरांकडे वळा. रोमन लिपीत 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटवून लिहिले तर लहान अक्षरांत फरक ओळखू येत नाही. 'एल'च्या जागी १ हा अंक, 'ओ'च्या जागी शून्य, लागोपाठ दोनदा येणारं अक्षर एकदाच लिहिलेलं, दोन अक्षरांची अदलाबदल, हे नेहमीचे प्रकार. सिरिलिक, म्हणजे रशियन भाषेच्या लिपीतलं 'ए' तर रोमन 'ए'सारखंच दिसतं. २०१७ साली एका संशोधकाने सगळी अक्षरं सिरिलिक घेऊन 'ॲपल.कॉम'सारखा दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. त्यानंतर ब्राउझरांनी आपले नियम कडक केले. आता असा संशयास्पद पत्ता ते बऱ्याचदा 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या विचित्र रूपात दाखवतात. रोमन लिपीत डोमेन असलेल्या बँकेच्या पत्त्यात हे रूप दिसलं तर पान बंद करा.

एक अडचण मात्र खरी आहे. काही बँका जाहिराती, स्टेटमेंट आणि व्यवहाराच्या सूचना वेगवेगळ्या डोमेनवरून पाठवतात, कधी बाहेरच्या कंपनीमार्फतही. त्यामुळे अनोळखी डोमेन दिसलं म्हणजे ईमेल खोटाच, असं म्हणता येत नाही. अशा वेळी जुने, खात्रीचे ईमेल उघडून डोमेन जुळतं का बघा. तरीही शंका राहिली तर ईमेल सोडून द्या आणि स्वतःच्या बुकमार्कमधून बँकेत लॉगिन करा. खरंच काही काम असेल तर ते तिथेही दिसेल.

पायरी ३: लिंक न उघडता तपासा

संगणकावर माउस लिंकवर नुसता न्या, क्लिक करू नका. खरा पत्ता ब्राउझरच्या डाव्या तळकोपऱ्यात दिसतो. लिंकच्या मजकुरात 'माझीबँक.कॉम' लिहिलेलं असलं तरी तो फक्त मजकूर असतो, त्यामागचा पत्ता वेगळा असू शकतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता दिसतो. पण काही फोनांत त्यासोबत पानाची झलकही लोड होते, म्हणून शंका असेल तर संगणकावरच तपासा.

पत्ता छोटा करून देणाऱ्या सेवेची लिंक असेल तर मुक्काम कळतच नाही. अशा लिंकमागे जायचं नाही. तोच नियम क्यूआर कोडला. ईमेलमध्ये क्यूआर कोड टाकण्यामागे हेतू असतो. चित्रातला पत्ता वाचणं स्पॅम फिल्टरला अवघड जातं, शिवाय कोड स्कॅन करताना तुम्ही संगणकावरून फोनवर जाता, जिथे पत्ता पुरता दिसत नाही.

कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. कुलूप किंवा 'एचटीटीपीएस' याचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली वाट कूटबद्ध आहे. पलीकडे बँक आहे की चोर, हे ते सांगत नाही. २०१५च्या अखेरीपासून 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या सेवेमुळे या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र मोफत मिळतं आणि ते बनावट पानांनाही मिळतं. लोक कुलपाचा चुकीचा अर्थ घेतात हे ओळखून गूगल क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतलं ते चिन्हच बदललं.

पायरी ४: मागणी काय आहे?

पासवर्ड, पिन, ओटीपी किंवा कार्डामागचे तीन अंक ईमेलमधून किंवा ईमेलमधल्या लिंकवरून मागितले असतील, तर पत्ता कितीही बरोबर दिसला तरी देऊ नका. केवायसी संपली, कर परतावा अडकला, अनोळखी व्यवहार झाला, नवीन उपकरणावरून लॉगिन झालं, बक्षीस गुण आज संपणार: निमित्तं बदलतात, पण प्रत्येकात मुदत असते. विचार करायला सवड मिळू नये एवढ्यासाठी ती घातलेली असते. त्यातही 'हा व्यवहार तुम्ही केला नसेल तर इथे रद्द करा' हे निमित्त सगळ्यांत धोकादायक, कारण सावध माणूसच घाबरून तिथे क्लिक करतो.

ईमेलमध्ये तुमचं पूर्ण नाव, मोबाइल क्रमांक किंवा कार्डाचे शेवटचे चार अंक बरोबर असले तरी तो पुरावा नव्हे. अशी माहिती दुसरीकडच्या डेटा गळतीतून बाहेर पडलेली असते. 'तुमचं कार्ड अमुक अंकांनी सुरू होतं' हे तर काहीच सिद्ध करत नाही. कार्डाचे पहिले ६ ते ८ अंक कार्ड देणारी बँक ओळखण्यासाठी असतात आणि एका प्रकारच्या असंख्य कार्डांवर ते सारखेच असतात.

काही ईमेलमध्ये लिंक नसतेच, फक्त फोन क्रमांक असतो. 'मोठी रक्कम वजा होणार आहे, थांबवायची असल्यास फोन करा.' फिल्टरला त्यात पकडण्यासारखं काही सापडत नाही आणि फोन तुम्ही स्वतः केल्यामुळे समोरच्यावर विश्वास बसतो. पुढे तो स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवून घ्यायला सांगतो. फोन करायचाच असेल तर कार्डामागच्या क्रमांकावर करा.

पायरी ५: अटॅचमेंट

एचटीएमएल फाइल, म्हणजे वेबपानाची फाइल, उघडली की बनावट लॉगिन पान थेट तुमच्याच संगणकावरून सुरू होतं, पत्त्याच्या पट्टीत तपासायला डोमेनही उरत नाही. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि तिचा पासवर्ड त्याच ईमेलमध्ये, ही रचना व्हायरस तपासणाऱ्या यंत्रणेला आत डोकावता येऊ नये म्हणून असते. खऱ्या स्टेटमेंटच्या पीडीएफलाही पासवर्ड असतो, पण तो सहसा तुमच्या जन्मतारखेसारख्या माहितीवरून बनवायचा असतो, तयार लिहून दिलेला नसतो. ईमेलमधून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवण्याची फाइल) फोनवर कधीही बसवू नका.

विंडोज नेहमीच्या फाइलप्रकारांची शेपटी लपवतं, त्यामुळे 'स्टेटमेंट.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल 'स्टेटमेंट.पीडीएफ' अशी दिसते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, 'व्ह्यू' मधून 'शो' मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. वर्ड किंवा एक्सेल फाइल 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगत असेल तर दाबू नका. त्यामागे मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडलेला छोटा प्रोग्रॅम, चालवण्याची परवानगी असते.

ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांच्यासाठी

ईमेल पाठवण्याचा मूळ नियम, एसएमटीपी, १९८२चा आहे. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. पाकिटावर एक नाव आणि आतल्या पत्रावर दुसरं, तरी पत्र पोचतं, तसंच. ही उणीव भरायला पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या आल्या. एसपीएफ सांगतं की ज्या सर्व्हरवरून ईमेल निघाला त्याला त्या डोमेनची परवानगी आहे का. डीकेआयएम ही डिजिटल सही असते. डीमार्क बघतं की या तपासण्यांमधलं डोमेन आणि तुम्हाला दिसणाऱ्या पत्त्यातलं डोमेन एकच आहे का.

संगणकावरच्या जीमेलमध्ये ईमेलच्या उजवीकडच्या तीन टिंबांतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात तिन्हींचा निकाल 'पास' किंवा 'फेल' असा दिसतो. बँकेच्या डोमेनवरून आलेल्या ईमेलला डीमार्क 'फेल' असेल तर तो खोटा धरून चाला.

'पास' मात्र जपून वाचा. त्याचा अर्थ 'हा ईमेल बँकेचा आहे' असा नसून 'हा ईमेल खरंच या डोमेनचा आहे' एवढाच आहे. 'माझीबँक-सुरक्षा.कॉम' नोंदवणारा चोर त्या डोमेनला तिन्ही तपासण्या व्यवस्थित लावू शकतो आणि तिन्ही पास होतात. बँकांनी डीमार्क कडक केल्यावर त्यांचा हुबेहूब पत्ता वापरणं कठीण झालं, म्हणून तर मिळत्याजुळत्या डोमेनचा मार्ग धरला जातो. शेवटी पायरी २ टळत नाही.

बनावट पानावर नेमकं काय होतं?

'मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा, पान खोटं असेल तर तो स्वीकारेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळू नका. बरीच बनावट पानं पहिल्या वेळी मुद्दाम 'चुकीचा पासवर्ड' दाखवतात, म्हणजे तुम्ही तो दुसऱ्यांदा काळजीपूर्वक टाइप करता. काही पानं तर तुमचा पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेच्या पानावर भरून बघतात. मग खरी बँक तुम्हाला खरा ओटीपी पाठवते, तो तुम्ही बनावट पानावर टाकता आणि तो वापरूनही होतो. ओटीपी खरा आला म्हणजे पान खरं, हा समज त्यामुळे महागात पडतो.

म्हणून ओटीपीचे अंक उचलण्याआधी त्या संदेशातलं वाक्य वाचा. 'बेनिफिशियरी जोडण्यासाठी' किंवा एखादी रक्कम लिहिलेली असेल आणि तुम्ही तर फक्त 'केवायसी अपडेट' करत असाल, तर अंक टाकू नका. बँक पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेल्या डिजिटल किल्लीने लॉगिन करण्याची, सोय देत असेल तर ती घ्या. पासकी डोमेनशी बांधलेली असते, त्यामुळे दुसऱ्या डोमेनवर ती चालतच नाही.

खोट्या ईमेलचं काय करायचं

उत्तर देऊ नका, 'अनसबस्क्राइब' दाबू नका. पत्ता चालू आहे एवढी खबर त्यांना पुरते. जीमेलमध्ये तीन टिंबांतून 'रिपोर्ट फिशिंग' निवडा, आउटलुकमध्ये 'रिपोर्ट' खाली तोच पर्याय आहे. बँकेला कळवायचं असेल तर तिच्या संकेतस्थळावर दिलेल्या तक्रारीच्या पत्त्यावर ईमेल 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' करून पाठवा. साध्या फॉरवर्डमध्ये मूळ तांत्रिक नोंदी गळून पडतात आणि तपासाला त्याच लागतात.

क्लिक झालंच असेल तर

फक्त लिंक उघडली, काही भरलं नाही: पान बंद करा, काही डाउनलोड झालं असेल तर न उघडता काढून टाका, ब्राउझर अद्ययावत करा. सहसा इथेच संपतं.

पासवर्ड भरला: बुकमार्कमधून किंवा बँकेच्या ॲपमधून लगेच पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. तोच पासवर्ड जिथे जिथे असेल तिथेही बदला, आणि त्यात ईमेल खातं सगळ्यांत आधी.

ओटीपी, पिन किंवा कार्डाची माहिती गेली: आधी बँकेला फोन. कार्ड आणि नेटबँकिंग बंद करून घ्या, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवले जातात, वाटेत ते गोठवता येण्याची शक्यता दर मिनिटाला कमी होते. फोन झाल्यावर पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करा. ईमेल पुसू नका, तोच पुरावा आहे. पानाचा पत्ता, वेळ आणि व्यवहाराचे क्रमांक नोंदवून ठेवा.

फाइल उघडली किंवा ॲप बसवलं: त्या उपकरणाचं इंटरनेट बंद करा आणि पुढचं सगळं, पासवर्ड बदलणंसुद्धा, दुसऱ्या उपकरणावरून करा. फोनवर अनोळखी ॲप बसलं असेल तर फोटो आणि संपर्क वेगळे काढून फॅक्टरी रीसेट करणं हाच खात्रीचा मार्ग.

पहिली धांदल संपल्यावर बँकेच्या खात्यात चार गोष्टी पडताळा: नवीन बेनिफिशियरी, बदललेली व्यवहार मर्यादा, बदललेला मोबाइल क्रमांक, बदललेला ईमेल. मग ईमेलच्या सेटिंगमध्ये 'फिल्टर' आणि 'फॉरवर्डिंग' उघडून बघा. बँकेच्या सूचना परस्पर कचऱ्यात टाकणारा नियम तिथे घालून ठेवलेला सापडतो आणि त्यामुळे पुढच्या चोऱ्या कित्येक दिवस कळत नाहीत.

यानंतर काही आठवड्यांत 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो' असा फोन किंवा ईमेल येऊ शकतो. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. बोलणारा स्वतःला वकील, पोलीस किंवा बँकेचा अधिकारी म्हणवतो आणि आधी थोडं शुल्क मागतो. ते भरू नका, आणि तुमचा तक्रार क्रमांकही त्याला सांगू नका.